ऐंशी हजारांचा कॅमेरा घेऊ, की डिझाइनचा क्लास लावू?

पत्र थोडक्यात: सांगली-मिरज भागातल्या एका ताईंचं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून देतेय. वय ४६, शाळेच्या ऑफिसात नोकरी, मुलगा शिकायला बाहेरगावी. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर फोटो काढायचा नाद लागला, मग त्या फोटोंवर अक्षरं टाकून शुभेच्छा, बॅनर, पत्रिका करायला लागल्या. आता सगळे नातेवाईक, सोसायटी आणि शाळा यांचं काम त्यांच्याकडेच येतं, फुकट, आणि बरेचदा रात्री साडेनऊला "उद्या सकाळी हवंय" म्हणून. त्यांच्या मनात ८० हजारांचा कॅमेरा आहे, नाहीतर ४५ हजारांचा सहा महिन्यांचा ग्राफिक डिझाइनचा क्लास. दोन्ही परवडणार नाही म्हणून दोन्हींतला एक छंद निवडून टाकावा असं वाटतंय. मिस्टरांचं म्हणणं, यातून पैसे मिळणार असतील तर घे, नाहीतर मोबाइल आहे की. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेत असताना दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट एवढंच. इन्स्टावर लोकांचं काम बघितलं की आपलं फार साधं वाटतं, आणि "आता तर एआय एका मिनिटात पोस्टर करून देतं, मग मी या वयात हे शिकून काय करू" असंही विचारलंय. पत्राच्या शेवटी सहज एक ओळ आहे, की बाजारातल्या जुन्या तंबोऱ्याच्या दुकानाच्या रंगवलेल्या पाटीचा एक फोटो काढलाय, खूप आवडतो, पण कुणाला पाठवला नाही कारण त्यावर लिहायला काही नव्हतं.

ताई, नमस्कार.

पत्र मनापासून लिहिलंय म्हणून उत्तरही सविस्तर देते, आणि अशी पत्रं बऱ्याच जणांची येतात, कुणाला कॅमेऱ्याचं विचारायचं असतं कुणाला सॉफ्टवेअरचं, तर त्यांनाही यातलं काहीतरी उपयोगी पडेल.

तुम्ही काय काय केलंत त्याची यादी दिलीय ना, ती एकदा परत वाचा. पुतण्याचा वाढदिवस, सोसायटीचा गणपती, शाळेचं स्नेहसंमेलन, जाऊबाईंच्या मुलीचं डोहाळजेवण. यातलं एकही काम तुम्ही स्वतःहून ठरवून केलेलं नाहीये. विषय दुसऱ्याचा, मजकूर दुसऱ्याचा, फोटो बऱ्याच वेळा दुसऱ्याने पाठवलेला, आणि रंगसुद्धा "जरा उठावदार कर ना" म्हणून दुसऱ्याने सांगितलेला. सगळ्या पत्रात तुमचं म्हणावं असं एकच काम आहे, तो पाटीचा फोटो, आणि नेमका तोच तुम्ही कुणाला दाखवला नाही. मला वाटतं तुम्हाला जे अपुरं अपुरं वाटतंय ते इथून येतंय. कॅमेऱ्याने ते भरून निघणार नाही, क्लासनेही लगेच नाही. कॅमेरा आला तर पुढच्या डोहाळजेवणाला फोटोही तुम्हीच काढायचे एवढाच फरक पडेल. तुम्हाला आत्ता हवाय तो स्वतः निवडलेला एक विषय, आणि तो पूर्ण करण्याइतका वेळ. बाकी सगळं त्याच्या मागून ठरवता येतं.

आता दोन्हींतलं एकच निवडायचं हे कुठून आलं? एलिमेंटरी, इंटरमिजिएटला काय काय असायचं आठवा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. स्थिरचित्राला टेबलावर तांब्या, वांगी, मागे कापड लावून सर म्हणायचे उजेड कुठून येतोय बघा, सावली कुठं सर्वात गडद आहे बघा. फोटो काढताना तेच बघायचं असतं, अगदी तेच. आणि संकल्पचित्रात चौकटीत आकार कसे बसवायचे, कुठं मोकळं सोडायचं, किती रंग वापरायचे हे जे घासून घेतलं जायचं ते म्हणजे ग्राफिक डिझाइनचा पाया. "एवढंच शिक्षण" असं तुम्ही लिहिलंय, मला ते एवढंच वाटत नाही. शाळेत या सगळ्याचे पेपर वेगळे असले तरी बघणारा डोळा एकच होता, आणि तो तुमच्याकडे आहे, नाहीतर रोज शेकडो माणसं त्या तंबोऱ्याच्या दुकानासमोरून जातात, थांबलात तुम्ही.

म्हणून माझं सांगणं असं, की तोच विषय घ्या. तुमच्या भागातली हाताने रंगवलेली, कोरलेली, लिहिलेली अक्षरं. फोटो आणि डिझाइन दोन्ही त्यात येतं, एक सोडून दुसरं धरायचा प्रश्नच राहत नाही. आणि तुम्ही राहता तो भाग तर या बाबतीत फार श्रीमंत आहे. मिरजेत सतारमेकरांची दुकानं कित्येक पिढ्यांची आहेत, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे ते मोठाले भोपळे, अर्धवट तासलेलं लाकूड, आणि वर घराण्याचं नाव लिहिलेली पाटी. सांगलीत हळदीच्या पेठेत जा, अडत दुकानांवर, पोत्यांवर, वखारींवर अक्षरं आहेत. तालमींची नावं, पिठाच्या गिरण्या, दूध संस्था, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे लिहिलेली कुलदैवताची नावं, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, घाटावरच्या देवळांतले शिलालेख. फ्लेक्स आल्यापासून यातलं बरंच गेलं, दुकानांच्या पाट्या बदलल्या तशी पेंटर लोकांची कामं पण कमी झाली, आणि उरलंय ते ऊन-पावसात पुसत चाललंय. तुम्ही काढलेला फोटो पुढच्या काही वर्षांत त्या पाटीची एकुलती एक आठवण असू शकतो. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, माझ्या ओळखीच्या गल्ल्यांमधल्या कितीतरी पाट्या गेल्या आणि त्यांचा एक धड फोटो कुणाकडे नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसऱ्या गावच्या वाचकांनी अर्थातच पाट्याच घ्यायला पाहिजेत असं नाही. कोकणातल्या माणसाला घरांची कौलं, खळी, होड्यांवरची नावं आहेत, पुण्यातल्याला वाड्यांचे दरवाजे, परदेशात राहणाऱ्याला तिथल्या मराठी घरांतले देव्हारे. विषय जवळचा हवा, चालत जाता येईल असा, आणि पुन्हा पुन्हा जाता येईल असा. वर्षातून एकदा ट्रिपला गेल्यावर काढलेल्या फोटोंनी हात बसत नाही.

आता कॅमेऱ्याचं. तुमचा फोन ५० मेगापिक्सेलचा आहे म्हणालात. असे फोन सहसा चार चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलच्या आसपासचा फोटो देतात. ए-फाइव्ह आकाराचं, म्हणजे वहीच्या पानाच्या जवळपासचं, एक पूर्ण पान चांगल्या छपाईला, इंचाला ३०० ठिपके या रेझोल्यूशनला, साधारण १७५० बाय २४८० पिक्सेल मागतं, म्हणजे ४.३ मेगापिक्सेल. तुमच्या फोनमध्ये त्याच्या जवळपास तिप्पट आहेत. पाट्या हलत नाहीत, दिवसाउजेडी असतात, जवळ जाता येतं. या कामाला फोन पुरतो, पुरून उरतो.

फक्त फोनला थोडं शिस्तीत घ्यावं लागतं. लेन्स पुसा, रोज, रुमालाच्या स्वच्छ कोपऱ्याने, निम्मे धुरकट फोटो तिथंच सुधारतात. सेटिंगमध्ये ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा, लावा. पाटीच्या बरोबर समोर उभं राहून फोन पाटीला समांतर धरा, खाली उभं राहून फोन वर तिरका केला की अक्षरं वरच्या बाजूला निमुळती होतात. अल्ट्रा-वाइडने पाट्या काढू नका, कडा ताणल्या जातात, त्यापेक्षा चार पावलं मागे जा आणि मेन कॅमेराच वापरा. बोटांनी ताणून झूम करायचा मोह टाळा, तो झूम नसतो, नुसतं कापणं असतं. स्क्रीनवर अक्षरांवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक होतं, मग बोट जरा खाली ओढून फोटो थोडा गडद करा, पांढऱ्या पाट्या नाहीतर जळून जातात. ब्युटी फिल्टर, एआय एन्हान्स असलं काही चालू असेल तर बंद करा, पाटीचा गेलेला रंग आणि पोपडे हेच तर आपल्याला हवंय.

उजेडाचं मात्र फोन काही करू शकत नाही, ते तुम्हालाच बघायचंय. रंगवलेल्या पाटीला ढगाळ दिवस उत्तम, चकाकी येत नाही आणि रंग खरे दिसतात, म्हणजे तुमच्याकडचा पावसाळा या कामाला अगदी योग्य. कोरलेल्या अक्षरांना, शिलालेखाला उलट. तिथं सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी जा, ऊन बाजूने तिरकं पडलं की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि दुपारी जे वाचताच येत नव्हतं ते स्पष्ट वाचता येतं. एकाच पाटीला वेगवेगळ्या वेळी जाऊन बघा, फोटोग्राफीचा जो भाग कुठल्याच क्लासात पटकन शिकवता येत नाही तो असा कळतो.

आणि नुसती पाटी नको. एक फोटो पाटीचा, एक एखाद्या अक्षराचा अगदी जवळून, एक सगळ्या दुकानाचा, आणि मालकांची हरकत नसेल तर एक त्यांच्यासकट. आधी विचारा, काय करताय ते सांगा, फोटो काढल्यावर दाखवा, आणि पुढच्या वेळी जाताना त्यांना एक प्रिंट नेऊन द्या. त्या प्रिंटने जेवढी दारं उघडतात तेवढी कुठल्या कॅमेऱ्याने उघडत नाहीत. घरी आल्यावर तारीख, ठिकाण, पाटी साधारण कधीची, कुणी रंगवली हे लिहून ठेवा. जुन्या पाट्यांच्या खालच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव बारीक अक्षरांत असतं, तो कोपरा कधीच कापू नका.

नावावरून एक गोष्ट सांगायचीच आहे. तुम्ही लिहिलंय की तुमची पोस्टरं गावभर फिरतात पण ती कुणी केली हे कुणाला माहीत नसतं. होमाई व्यारावाला माहीत असतील तुम्हाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. १९३० च्या दशकाच्या शेवटी मुंबईतल्या साध्या रोजच्या जगण्याचे त्यांनी काढलेले फोटो सुरुवातीला त्यांच्या नवऱ्याच्या नावाने छापले जायचे, कारण त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्याच होमाईंना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. तुम्ही आजपासून प्रत्येक कामाच्या कोपऱ्यात तुमचं नाव टाका, त्या पेंटरसारखं बारीक अक्षरात. कुणी काढून टाका म्हणालं तर काढू नका. फुकट काम करताय, नाव तरी राहू द्या.

एआयबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मी जरा थांबले, कारण ही भीती हल्ली तरुण मुलांकडून पण ऐकते. हो, शुभेच्छापत्र एका मिनिटात होतं. देवनागरी अक्षरं त्यात कधीकधी चुकीची येतात, जोडाक्षरं मोडतात, पण ते सुधारेलही, म्हणून त्यावर मी भर देत नाही. प्रश्न हा आहे की तुमच्या बाजारातली ती पाटी, ज्या दुकानात ती आहे ते दुकान, तिथले आजोबा त्या पेंटरबद्दल जे सांगतील ते, हे एआयला कुठून माहीत असणार? ते तिथं जाऊनच मिळतं. आणि दुसरं, गळ्यावर गाणारी माणसं मोबाइलवर सगळी गाणी मिळायला लागली म्हणून रियाज सोडत नाहीत, मिरजेत राहणाऱ्या माणसाला हे मी सांगायला नको. पुतण्याच्या वाढदिवसाचं पोस्टर एआयला खुशाल करू द्या, तुमचा तेवढा वेळ वाचला.

आता डिझाइनची बाजू. पाट्यांचे फोटो जमायला लागले की त्यातलं एक अक्षर निवडा आणि ते गिरवा. आधी ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने, मग इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पेन टूलने. इंकस्केप फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, गिम्पही तसंच, फोटो दुरुस्त करायला. फोनवरच करायचं असेल तर स्नॅपसीड हे अ‍ॅप पुष्कळ झालं. फोटोत तिरकी आलेली पाटी सरळ करायची सोय पण त्यात आहे. अक्षर गिरवताना लक्षात येतं की त्या पेंटरने र ची शेपटी का लांबवली, शिरोरेषा कुठं जाड ठेवली, मोठं नाव छोट्या पाटीत बसवताना कुठली अक्षरं दाबली. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली आणि मासिकांची शीर्षकं आठवा, कमल शेडगेंनी कितीतरी नाटकांची नावं अशी लिहिली की नाटकाचा स्वभाव अक्षरातच दिसायचा. ते २०२० मध्ये गेले, पण ती अक्षरं बघून आजही शिकता येतं. कॅनव्हामध्ये तयार साच्यात मजकूर ओतत राहिलं की हे बघायची वेळच येत नाही, कारण जागा कुठं सोडायची हे आधीच दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. आणि ते साचे मुळात बरेचसे रोमन अक्षरांसाठी बेतलेले असतात.

इथं जरा रेंगाळते, कारण मराठीत डिझाइन करणाऱ्या सगळ्यांच्याच कामात मला याच चुका दिसतात. मी पानं लावायचं काम बरीच वर्षं करतेय, रोज बघते. इंग्रजी शीर्षकांसारखं अक्षरांमधलं अंतर वाढवायला जाऊ नका, आपली शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. दोन ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, आपल्याकडे वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतो, ते एकमेकांत अडकतात. जागेत बसत नाही म्हणून अक्षर आडवं-उभं ताणू नका, मजकूर कमी करा नाहीतर आकार कमी करा. एका कामात दोन फॉन्ट बास. फॉन्ट निवडायच्या आधी त्यात तऱ्हा, दुसऱ्या, कर्तृत्व, श्रद्धा, ज्ञान असे शब्द टाइप करून बघा, ऱ्य नीट येत नसेल तर तो फॉन्ट मराठीला उपयोगाचा नाही. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का तेही बघा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू, मोदक हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, तो पुस्तकी मजकुराला फार छान. आणि फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसत असेल तर तुमचं टायपिंग चुकलेलं नाही, जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर जाऊन दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय, त्यानंतरच्या काही आवृत्त्यांत वर्ल्ड-रेडी, चालू करायचा असतो. हे माहीत नसल्यामुळे किती जणांनी मराठी सोडून इंग्रजीत डिझाइन करायला घेतलं असेल देव जाणे.

गुगलवरून फोटो उचलणं पण आता बंद करा. नेटवर दिसतो म्हणून फोटो मोकळा नसतो, आपल्याकडे फोटोवरचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. आणि तुमच्याकडे स्वतःचे फोटो असताना गरज काय? गणपतीच्या पत्रिकेला तुमच्याच गल्लीतल्या देवळाच्या कमानीचा फोटो वापरा, ती पत्रिका दुसऱ्या कुठल्याच सोसायटीची असू शकणार नाही.

मग हे सगळं करून त्याचं काय करायचं, तर एक १६ पानांची पुस्तिका. ए-फोरचे चार कागद मधे दुमडून दोन पिना मारल्या की १६ पानं होतात, म्हणूनच पानांची संख्या चारच्या पटीत लागते. इन्स्टावर टाकू नका असं मी म्हणत नाही, पण तिथं एकेक फोटो सुटा असतो, त्याची दुसऱ्यांच्या फोटोशी तुलना होते आणि मग तुम्ही लिहिलंय तसं साधं साधं वाटायला लागतं. पुस्तिकेत कुठला फोटो कुठल्या समोर ठेवायचा, कुठला मोठा कुठला लहान, किती लिहायचं, पहिलं पान काय, हे तुम्ही ठरवता. तिथंच फोटो आणि डिझाइन एकत्र येतात. शेकडो फोटोंतून पंधरा-वीस निवडताना बाकीचे टाकवत नाहीत, पण टाका, त्यातून जेवढं शिकाल तेवढं काढण्यातूनही नाही.

आणि गावातल्या प्रिंटिंगवाल्याशी दोस्ती करा. दुपारी गर्दी नसताना जा, बारा-अठराच्या शीटवर किती पानं बसतात, १३० आणि १७० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) कागदात हाताला काय फरक लागतो हे दाखवायला सांगा, आनंदाने दाखवतात. स्क्रीनवरचा चमकदार हिरवा आणि निळा छापल्यावर मंद होतो, म्हणून आधी एकच प्रत काढून बघा. कापताना कड जाते म्हणून चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं ठेवा. फाइल पीडीएफ द्या. तिथं कोरल या सॉफ्टवेअरमध्ये उघडणार असतील तर ते म्हणतील कर्व्ह करून द्या, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकायचे, म्हणजे त्यांच्याकडे तुमचा फॉन्ट नसला तरी काही बिघडत नाही, फक्त कर्व्ह करायच्या आधीची मूळ फाइल जपून ठेवा कारण नंतर शुद्धलेखनाची चूक सापडली तर कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये ती टाइप करून सुधारता येत नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधे पाठवले की बारीक होतात. आणि मूळ फोटो फोनशिवाय आणखी दोन ठिकाणी ठेवा, एक हार्ड डिस्कवर आणि एक ऑनलाइन. फोन पाण्यात पडायचाच असतो कधीतरी.

वेळाचा प्रश्न उरतोच, कारण रात्री साडेनऊचे फोन थांबणार नाहीत. सगळ्यांना एकदम नाही म्हणायची गरज नाही, तुमच्या स्वभावाला ते जमणारही नाही असं पत्रावरून वाटलं. एक मेसेज तयार करून ठेवा: महिन्यात दोनच करते, मजकूर टाइप करून आणि तपासून पाठवा, फोटो डॉक्युमेंट म्हणून, चार दिवस आधी, बदल एकदाच. प्रेमाने लिहा पण सगळ्यांना सारखंच लिहा, अगदी सख्ख्या नणंदेलाही. बघा, निम्मी कामं "राहू दे गं, करतो आम्ही काहीतरी" म्हणून आपोआप जातील. शाळेचं काम तर ऑफिसच्या वेळातच करायचं, ते तुमचं घरचं काम नाही. आणि रविवारची सकाळ तुमची. घरात सांगून टाका, की रविवारी दहापर्यंत मी बाहेर असते, नाश्त्याचं बघा.

मिस्टरांच्या बोलण्याचा तुम्हाला राग आलाय, तो समजू शकते. पण एक विचारते, त्यांनी छंदाला नाही म्हटलंय का ८० हजारांना? पत्रात तुम्ही दिलेलं वाक्य परत वाचलं तर मला ते दुसरं वाटतं. मुलगा बाहेर शिकतोय, दोघांच्या पगारात भागवायचंय, तर एवढ्या रकमेला माणूस कारण मागणारच. चूक एवढीच की त्यांनी मागितलेलं कारण फक्त पैशांचं आहे. ते घरात स्वतः काय काय विनाकमाईचं करतात ते उकरून भांडू नका, त्यातून काही निघत नाही. त्यांना एखाद्या रविवारी बरोबर घेऊन जा, मालकांशी गप्पा मारायला दुसरं माणूस असलं की तुम्हाला फोटो शांतपणे काढता येतात. आणि या छंदातून पुढेमागे पैसे मिळतील का, तर मिळू शकतात, दुकानाची पाटी, छोट्या उद्योगांची लेबलं, तुमच्याकडे हळद, बेदाणे विकणारे कितीतरी बचतगट आहेत. पण ते पहिल्या वर्षी मनात आणू नका. गिऱ्हाईक आलं की परत दुसऱ्याचा विषय आणि दुसऱ्याचा रंग सुरू होतो, आणि आत्ता तर तुम्ही त्यातून बाहेर पडायला बघताय.

कॅमेरा कधीच घेऊ नका असं नाही हं. वर्षभरात तुम्हाला कळेल फोन कुठं कमी पडतो. नदीवरचे पक्षी, संध्याकाळची कुस्ती, अंधाऱ्या वर्कशॉपमध्ये तारा जुळवणारे हात, असं काहीतरी सारखं हवं वाटायला लागलं आणि फोन ते देईना, की मग घ्या, आणि तेव्हा कुठली लेन्स लागणार हेही तुम्हालाच माहीत असेल. त्याआधी एखाद्या दिवसासाठी भाड्याने घेऊन बघा, मोठ्या शहरांत मिळतात. कंपन्यांनी नवीन मॉडेलं बहुतेक मिररलेसमध्येच, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांतच, काढायला घेतल्यामुळे जुने डीएसएलआर सेकंडहँडमध्ये बरेच स्वस्त झालेत, पाट्या आणि माणसं काढायला त्यातला एखादा आणि ५० एमएमची साधी लेन्स भरपूर होते. घेताना शटर किती वेळा पडलंय ते विचारा, आणि लेन्स टॉर्चसमोर धरून आत बुरशीचे जाळीसारखे धागे नाहीत ना बघा. त्यातून फोनपेक्षा मोठा सेन्सर मिळतो, अंधारात कामाला येतो, पण फोटोत काय घ्यायचं ते तरीही तुम्हीच ठरवणार.

क्लासचं म्हणाल तर ४५ हजार भरायच्या आधी तिथं जाऊन एक तास बसायची परवानगी मागा, आणि दोन गोष्टी विचारा. मराठी अक्षरं कशी हाताळायची हे शिकवतात का, आणि शेवटी विद्यार्थी स्वतःच्या विषयावर काही करतात का सगळ्यांना तेच एक शीतपेयाचं पोस्टर करायला लावतात. दोन्हींना उत्तर 'नाही' असं मिळालं तर ते पैसे ठेवा, टूल्स कशी वापरायची हे तर नेटवर फुकट शिकता येतं. उत्तरं चांगली आली तरी पुस्तिका झाल्यावरच जा, म्हणजे स्वतःचे प्रश्न घेऊन जाल.

एक तेवढं वेळापत्रक बघून ठेवा. पुस्तिका दिवाळीत लोकांच्या हातात द्यायची असेल, आणि मला वाटतं द्यावी, त्या दुकानदारांना तर नक्कीच, तर फाइल गणपतीपर्यंत तयार पाहिजे. नवरात्र लागलं की प्रेसवाल्यांकडे कॅलेंडरं, दिवाळीची ग्रीटिंग्ज आणि लग्नपत्रिका यांची झुंबड उडते, मग वीस-पंचवीस प्रतींच्या कामाला कुणी हात लावत नाही.